जादूघराच्या दारातला माणूस

ए, आधी ते हेडफोन काढ आणि ऐक! आत्ता दौंडहून येतेय, बॅगसुद्धा खांद्यावरून उतरवली नाहीये. आज दुपारी जे झालं ना... नाही, असं मधूनच सांगून नाही कळणार. तीन आठवड्यांत त्या जागेचे इतके किस्से साठलेत की एकाचं शेपूट ओढलं की दुसरा बाहेर येतो. पहिल्यापासून सांगते.

आमचं ऑफिस जुन्या इमारतींची मोजमापं घेतं, तुला माहितीये. ह्या वेळी दौंडला काम निघालं. रेल्वे लाइनीजवळ फ्रीमेसन लोकांची जुनी बैठकीची इमारत. हो, तेच फ्रीमेसन, सीक्रेट सोसायटीवाले! तिकडे तिला लॉज-बिज कोणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, जादूघर.

*

पहिल्या दिवशी बघते तर दारात खुर्ची टाकून एक म्हातारे बसलेले. मांडीवर तलवार! बोथट, पण तलवार. हे बबनमामा, वडगाव रासाईचे. चाळीस वर्षं हाच पहारा. आत बैठक चालू असताना कोणी घुसू नये म्हणून दाराबाहेर तलवारवाला माणूस ठेवायचा, ही फ्रीमेसन लोकांची फार जुनी रीत. इथले मेंबर आता एकच उरलेत, रेल्वेतले रिटायर्ड गार्डसाहेब, पुण्यात असतात. त्यांचं पत्र आमच्या मॅडमनी पुढे केलं.

मामांनी पत्र वाचलं. "तीनदा ठोका."

"आत कोणी आहे का?" मॅडम.

"न्हाई."

"मग ठोकायचं कशाला?"

"आत कुणी न्हाई म्हून रीत मोडायची व्हय?"

आणि आमच्या मॅडमनी, ज्या क्लायंटचंही ऐकत नाहीत, रिकाम्या इमारतीचं दार तीनदा ठोठावलं!

मामांनी कुलूप काढलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. आत डोकावलेसुद्धा नाहीत. चाळीस वर्षांत एकदाही नाही! झाडलोट मेंबर स्वतःच करायचे म्हणे.

पत्रात अट एकच होती: आतला एकही फोटो बाहेर जाता कामा नये. मामांनी प्रत्येकाकडून "व्हय" म्हणवून घेतलं. मीही म्हटलं. हे लक्षात ठेव.

*

आमच्याबरोबर रामदास मिस्त्री होते, शिरूरचे गवंडी. भिंत कुठं पोकळ झालीय ते नुसती ठोकून सांगतात.

मी आत गेले आणि माझा तर पुतळाच! भिंतीवर परकार, काटकोन तपासायचा गुण्या, दोरीला गोळा लावलेला ओळंबा, सगळं सोनेरी. मी कुजबुजले, "मिस्त्री, ही त्यांची गुप्त चिन्हं आहेत."

मिस्त्रींनी आपली पिशवी उघडली. गुण्या काढला, ओळंबा काढला, फरशीवर मांडला.

"ही व्हय? मग माझ्या पिशवीला बी पहारा लावा!"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर बोलताय. ह्या सोसायटीची सुरुवात दगड घडवणाऱ्या गवंड्यांपासूनच झाली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिकडे स्कॉटलंडमध्ये गवंडी कामासाठी गावोगाव फिरायचे. नवा आलेला खरंच शिकलाय की थापा मारतोय, हे ओळखायला त्यांचा आपसातला एक गुप्त शब्द होता. मग हळूहळू त्यांच्यात सरदार शिरले, वकील शिरले. जन्मात दगड न उचललेल्या लोकांनी हत्यारांना अर्थ चिकटवले. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणं. पुढं इंग्रजांबरोबर हे सगळं इकडं आलं, आणि रेल्वेबरोबर दौंडला.

मिस्त्री म्हणाले, "म्हंजी घाम आमचा आन् गुपित त्यांचं!"

मी नेटवर वाचलेलं सगळं घेऊन बसले होते. धर्मयुद्धातले सरदार, हजारो वर्षांपूर्वीचं मंदिर, पुरलेला खजिना! मॅडमनी एकच शब्द विचारला. "पुरावा?"

*

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "शब्द आमच्यात बी हाय. फकस्त बोलत न्हाई."

शिरूरच्या नाक्यावर सकाळी कामाला नवा गवंडी आला की ते त्याला काही विचारत नाहीत. हातात ओळंबा देतात, भिंत बघ म्हणतात. बस.

"मला द्या!" मी म्हटलं.

दोरी धरली, दोन सेकंद बघितलं. "भिंत सरळ आहे!"

"ताई, गोळा अजून हलतोय."

"मग?"

"तो थांबस्तोवर जो थांबतो, तो गवंडी. तुमी नापास!"

सगळे हसले. मीपण हसले. तेव्हा.

*

पाटसला बस बदलताना एका चहावाल्याला कळलं आम्ही कुठं काम करतो. तो वाकून म्हणाला, "ती लोकं आख्खं जग चालवत्यात."

"मग सोताचं गळकं छप्पर का न्हाई नीट करत?" मिस्त्री.

चहावाला हसला नाही. "आत मुंडकी पुजत्यात. वडगावचा तो बबन समदं बघतो, पर बोलत न्हाई." असं थंडपणे बोलला की माझा चहा तसाच राहिला.

*

आणि कवटी खरंच निघाली! मागच्या खोलीतल्या कपाटात. मी किंचाळले. मॅडम म्हणाल्या, माणूस कधीतरी मरणार हे विसरू नये म्हणून ह्यांच्या विधीत ठेवतात. मी उचलून उलटी केली. प्लास्टर! खाली साच्याचा जोड दिसत होता. मी दोन फोटो काढले, एक समोरून, एक खालून.

आता शिव्या घाल. समोरूनचा मी स्टेटसला टाकला. "ऑफिसमधला नवा सहकारी!" वीस मिनिटांत भानावर आले आणि उडवला.

पण आम्ही जेवतो त्या दौंडच्या खानावळवाल्याचा नंबर माझ्याकडे सेव्ह होता. त्यानं तेवढ्यात स्क्रीनशॉट काढून पुढं धाडला होता.

सकाळपर्यंत फोटो वडगावच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, "बबनच्या जादूघरात नरमुंड."

आणि नेमका मामांचा मुलगा गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभा!

*

त्या सकाळी वडगावचे पोलीसपाटील फोन घेऊन मामांपाशी आले. मामांनी डोळे घट्ट मिटले. "आत काय हाय ते मला बघायचं न्हाई."

"आरं, गाव तुला नरबळीवाला म्हनतंय!"

"म्हनू द्या."

डोळे मिटूनच पाटलांना वाटेला लावलं. मला एका शब्दानं विचारलं नाही. मी वहीत मापं लिहीत राहिले. मिस्त्रींनी फक्त माझ्याकडं बघितलं आणि ओळंब्याची दोरी गुंडाळत बसले.

*

आणि आज. दुपारी अडीच. मॅडम पुण्यात होत्या. फाटकात जीप थांबली, सहा-सात माणसं उतरली. पुढं आप्पा, मुलाच्या पॅनेलचे प्रमुख.

"बबन, माघारीची मुदत तीनपत्तोर हाय. तुझा पोरगा शिरूरला हापिसाबाहेर माझ्या फोनची वाट बघतोय. मुंडकं खरं असंल तर त्याच्यापायी आख्खं पॅनेल बुडंल. दार उघड, बघू दे."

"गार्डसायबांचं पत्र आना. उघडतो."

मी गार्डसाहेबांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत तेच.

न राहवून मी ओरडले, "अहो आप्पा, ती खरी नाहीये, ती..."

"ताई!" मामांनी मला मधेच तोडलं. "आतलं बोलायचं न्हाई."

आप्पा माझ्याकडं वळले. "बोलून गाव ऐकतंय व्हय? दाखवायला काय हाय का?" मग मामांकडं. "बरं, ह्ये तरी सांग. फोटू काढला कुनी? बाहेरच्या मानसाचा चावटपना असंल तर गावाला तसं सांगतो."

मी फोन मुठीत घट्ट धरला.

मामा म्हणाले, "म्या काढला."

"दाव फोन."

मामांनी खिशातून फोन काढून दिला. बटणांचा, साधा. कॅमेराच नाही! आप्पांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग सावकाश माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं.

"झ्याक आलाय फोटू," ते म्हणाले आणि फोन परत दिला. "मग बबन, पोराला माघार घ्यायला सांगू?"

मामांनी फोन खिशात ठेवला. "सांगा."

तीनला अकरा मिनिटं कमी होती. आप्पांनी नंबर लावायला घेतला. दुसरा फोटो माझ्या फोनमध्येच होता, खालून काढलेला, जोड दिसणारा. एकदा दाखवला असता तर सगळं मिटलं असतं! मी फोन अनलॉक केला, दोन पावलं पुढं गेले.

मामा खुर्चीतून उठले. चाळीस वर्षांत त्यांनी ती तलवार कुणावर उचलली नव्हती. ती त्यांनी आडवी धरली. आप्पांपुढं नाही, माझ्यापुढं.

"व्हय म्हनला व्हता तुमी, ताई," ते म्हणाले. आणि डोळे परत घट्ट मिटलेले.

सांग ना, माझ्या जागी तू काय केलं असतंस?