कंबर धरली, असं मी म्हणालो

माझी कंबर दुखत नाही. कधी दुखलीही नव्हती. एवढं एक वाक्य कबूल करायला मला सव्वा वर्ष लागलं, आणि तेही माझ्या हिमतीनं झालं नाही. परमेश्वरानं ते माझ्याकडून कसं वदवून घेतलं, तेवढंच इथे लिहितो. चमत्कार म्हणायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला, घरी तीन एकर काळं रान. भरती झालो तेव्हा धर्म-बिर्म काही डोक्यात नव्हतं. लग्नानंतर बायकोच्या माहेरच्या संगतीनं महानुभाव पंथाची ओढ लागली आणि एका सुट्टीत पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला जाऊन उपदेश घेतला, म्हणजे पंथाची दीक्षाच. आमच्या पंथात अहिंसा ही तोंडानं बोलायची गोष्ट नाही, मुंगी मारली तरी दोष लागतो. मग फौजी माणूस उपदेशी कसा, म्हणून गावात लोक थट्टा करायचे. माझं उत्तर ठरलेलं असे, "मी बंदूकवाला नाही, गाडीवाला हाय. आटा, कांदे अन् रॉकेल वाहतो." वर्षातून एकदा पुठ्ठ्याच्या माणसावर गोळ्या झाडाव्या लागत, तेव्हाही मनात नाम घ्यायचो. अशी मनाची समजूत काढत सतरा वर्षं काढली. समजूत काढण्यात मी फार हुशार.

मग त्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. एका सकाळी सुभेदार साहेबांनी सांगितलं, आज गाडीत राशन नाही, तोफेचे गोळे जातील, आणि पहिली गाडी तुझी. मी गाडीजवळ गेलो. पेट्या चढत होत्या. एकेका पेटीत किती माणसं मरायची असतील, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. पाय फळीवर पडेना. तेव्हाच साहेबांपुढे उभं राहून मी म्हणायला हवं होतं, "साहेब, हे माझ्यानं होणार नाही. माझा नेम आहे. काय शिक्षा द्यायची ती द्या." दोन वाक्यांचं काम होतं. माझ्या तोंडून निघालं, "साहेब, कंबर धरली."

शेजारी प्रल्हाद उभा होता. दर्यापूरचा, आमच्याच वऱ्हाडातला, युनिटमध्ये माझा जिवाभावाचा एकुलता एक माणूस. तो हसला आणि म्हणाला, "राहू द्या साहेब, मी जातो. याची कंबर बुढ्यावानी झाली." माझ्या पाठीवर थाप मारून तो गाडीत चढला. गोळे पोचले. माझ्या नकारानं त्यातला एकही कमी उडाला नाही. रिकामी गाडी परत येताना रस्त्यावर तोफगोळा पडला आणि प्रल्हादचा डावा पाय गुडघ्याखालून गेला.

पुढे मला कंबर दुखतीच ठेवावी लागली. एक खोटं झाकायला दहा खोटी, तशी. दवाखाना झाला, पट्टा मिळाला, शेवटी वैद्यकीय श्रेणी कमी करून घरी पाठवलं. गावानं वेशीवर फ्लेक्स लावला, त्यावर माझा फोटो आणि खाली 'रणभूमीवरून परतलेला वीर'. शाल-श्रीफळ घेतलं मी. दोन्ही हातांनी घेतलं. आणि सोयाबीन निघालं तेव्हा सत्तरीचा माझा बाप पोती उचलत होता आणि मी कमरेला पट्टा बांधून बांधावर उभा. मी पुढे झालो तर तोच ओरडायचा, "ए, सरक तिकडं! देशासाठी मोडली तुही कंबर, आता अजून मोडतं काय?" असं वाटायचं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तरीही पट्टा सोडला नाही.

शेवटी रिद्धपूरला गेलो. ज्या ओट्यावर आमच्या पंथाच्या स्वामींचा चरणस्पर्श झाला, त्या ओट्यावर डोकं ठेवून खूप रडलो. प्रायश्चित्त मागायला, मला उपदेश देणाऱ्या बाबांकडे गेलो आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हिंसा टाळलीस म्हणून थोडी तरी पाठ थोपटतील. बाबा म्हणाले, "नेम मोडला नाहीस, हे खरं. पण नेम लपवलास. अन् अनुताप झाला असेल तर तो इथं काहून सांगून राहिला? ज्याचा पाय गेला, त्याच्याकडं जा."

दर्यापूरला मी त्याआधी दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा स्टँडवरूनच परत फिरलो होतो. या वेळीही तेच होऊ लागलं. बसमधून उतरलो, रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायलो, आणि मूर्तिजापूरची जीप भरत होती तिच्याकडे चालू लागलो. चोराच्या मनात चांदणं; सगळा गाव आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. तेवढ्यात एक म्हातारी आडवी आली. पायाशी सरकीच्या ढेपेचं पोतं. ऑटोवाला ते टाकून निघून गेला होता.

"ए बाप्पा, एवढं घरापर्यंत नेऊन दे बरं. म्हैस उपाशी हाय."

"आजी, माझी कंबर..." मी सवयीनं सुरुवात केली.

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "काय झालं कंबरेले? चांगला बैलासारखा तं हाय! उचल."

काय झालं मला, आजही सांगता येत नाही. मी वाकलो आणि पोतं खांद्यावर घेतलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा अंगावर ओझं घेतलं, आणि लाज वाटायच्या ऐवजी इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. म्हातारी पुढं, मी मागं. ती वळेल तिकडं वळत होतो. एका गल्लीत शिरलो आणि पाहतो तर ओसरीवर खुर्ची टाकून प्रल्हाद बसलेला. कुबडी भिंतीला टेकवलेली.

त्यानं मला पाहिलं. पोतं पाहिलं. चेहरा असा उजळला त्याचा! "अरे वा रे पठ्ठ्या! बरी झाली कंबर?"

खरं सांगतो, वाट मोकळी होती. "हो, झाली बरी," एवढं म्हटलं असतं तर चहा झाला असता, गप्पा झाल्या असत्या, आणि जन्मभर कोणाला कळलं नसतं. ते शब्द जिभेवर आलेही होते. मी मनात फक्त म्हटलं, स्वामी, आता तुम्हीच बोला. आणि माझ्या तोंडून निघालं, "दुखतच नव्हती, प्रल्हाद. त्या दिवशीही नव्हती."

पोतं म्हातारीच्या दारात टाकून आलो आणि त्याच्यापुढे जमिनीवर बसून सगळं सांगितलं. तो शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यानं शिवी दिली नाही.

"मले वाटलंच होतं कधी कधी," तो म्हणाला. "तुले मारायचं नव्हतं ना? मंग ते वाईट काम होतं काय बे? साहेबापुढं बोलला असता तं मी तुह्या बाजूनं उभा राह्यलो असतो. गाडी तं मी तरीबी नेली असती. पाय तं तरीबी गेला असता. पण तू मले सांगाले पायजे होतं. मी हसत गेलतो रे, तुह्या कंबरेवर."

मी पायाला हात लावायला गेलो. त्यानं उरलेला पाय मागं घेतला. "जाय आता. मले वाटीन तवा मी बलावीन."

उठता उठता मी विचारलं, ती म्हातारी कोण. "समोरची," तो तुटकपणे म्हणाला. "कोणालेबी पोतं उचलाले लावते."

त्या संध्याकाळी घरी येऊन बापाला सांगितलं. तो जेवला नाही आणि चार दिवस बोललाही नाही. साहेबांना पत्र लिहिलं. वेशीवरचा फ्लेक्स मीच उतरवला, लोकांनी कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. काही जण आता भित्रा म्हणतात. पूर्वी त्यांच्याशी वाद घातला असता. नकार दिला त्याचं मला आजही दुःख नाही; त्या पेट्या मी आजही नेणार नाही. दुःख याचं की माझ्या आयुष्यातली एकच खरी गोष्ट मी आजाराच्या नावावर खपवली, आणि ज्याला ती आधी सांगायची त्याला पाय गेल्यावर सांगितली.

सात महिने झाले. प्रल्हादचा फोन आलेला नाही. पहाटे नामस्मरणाला बसतो तेव्हा आधी मी माफी मागायचो, मग तो फोन मागायचो. आता दोन्ही मागत नाही. शरण जाणं म्हणजे आपल्याला हवा तो निकाल देवाकडून लिहून घेणं नव्हे, हे उशिरा कळलं. माझा निकाल प्रल्हादजवळ आहे आणि तो त्याच्याजवळच राहू दे. त्यानं बोलावलं तर चालत जाईन. नाही बोलावलं, तर तोही त्याचा हक्क आहे. सोपी वाट समोर असताना माझ्या तोंडून खरं काढलंस, परमेश्वरा, त्याबद्दल तुला दंडवत. आणि प्रल्हादलाही.