पाणी किती, ते तात्या सांगणार

आम्ही जुने मास्तर कुणाच्या लग्नात भेटलो, की जेवण राहतं बाजूला. एकानं त्या गावाचं नाव काढायचा अवकाश, प्रत्येकाच्या पोतडीतून काहीतरी निघतंच. आणि फिरून फिरून गाडी येते ती तात्या नावाड्यावर!

पंचगंगेकाठचं गाव. वस्ती अलीकडे, शेतं आणि एस.टी.चा रस्ता पलीकडे. मी तिथं इतिहास शिकवायचो. अडुसष्ट-एकोणसत्तरच्या सुमाराला भूगोलाला जोशी सर आले, थेट कोल्हापूर शहरातून. भर पावसाळा. पलीकडच्या काठावर तात्या त्यांना म्हणाले, "आज नाव सुटायची न्हाय, पावणं." सरांनी त्यांना पात्राची रुंदी, पाण्याचा वेग, सगळं समजावून सांगितलं. तेवढ्यात मुळासकट एक झाड वाहत गेलं, फांदीवर चांगला हातभर नाग! सर मुकाट्यानं ट्रंकेवर बसले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोचल्यावर आधी त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला.

*

सरांनी वर्गात विचारलं, नदी गावाच्या कुठल्या दिशेला? पाटलाची शकू उठली. "गाव आल्याड, रान पल्याड. नदी मधी हाय, सर."

सरांनी नकाशा काढून पाहिला आणि तिला पूर्ण मार्क दिले.

*

मला गावाचा इतिहास लिहायची हौस आली. घाटावरचं देऊळ कधीचं, म्हणून तात्यांना विचारलं. ते म्हणाले, ज्या पुरात पाटलाची म्हैस पोहत जाऊन शाळेच्या कौलांवर चढली, त्याच्या दोन पूर आधी. तेव्हा राज्य कुणाचं होतं?

"राजा कोण ते ठाव न्हाय. म्हस पाटलाची."

*

एकदा तपासणीला साहेब आले आणि नेमकी नदी चढली. साहेबांनी पलीकडून हात केले, ओरडले, पण तात्या काही हलेनात. शेवटी हेडमास्तरांनी सगळी शाळा घाटावर उभी केली आणि पोरांकडून तीसपर्यंतचे पाढे म्हणवून घेतले. साहेब छत्रीखाली ऐकत राहिले आणि तसेच परत गेले. आठवड्यानं शेरा आला, 'पाठांतर खणखणीत'!

*

जोशी सर दर वर्षी बदलीचा अर्ज करत आणि संध्याकाळी घाटावर तात्यांशी पाण्यावरून वाद घालत. एका श्रावणात जोशी वहिनींना कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, पलीकडे दवाखान्यात न्या. नदी घाटाच्या वरच्या पायरीला लागली होती. तात्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? सर नुसते दारात उभे होते. तर तात्याच खांद्यावर वल्हं टाकून आले.

"चला सर. आज पाणी न्हाय."

पलीकडे पोचेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगी झाली. सरांनी तिचं नाव गंगा ठेवलं.

*

अकराव्या अर्जाला यश आलं. ऐन मे महिन्यात सरांची कोल्हापूरला बदली झाली. आम्ही सगळे निरोप द्यायला घाटावर गेलो. ट्रंक, वळकट्या, वहिनी, आणि वहिनींचा हात धरून गंगा. नदीत घोटाभर पाणी. तात्यांची नाव वाळूत रुतलेली आणि तात्या पाठमोरे आत बसलेले.

सरांनी हाक मारली. तात्यांनी मान वळवली नाही.

"आज नाव सुटायची न्हाय, सर. पाणी चढलंय."

समोरून पाटलाच्या म्हशी नदीतून चालत येत होत्या. त्यांचे गुडघेसुद्धा भिजले नव्हते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बराच वेळ नदीकडे बघितलं.

मग वाकून ट्रंक उचलली आणि वहिनींना म्हणाले, "चला घरी. तात्या म्हणतात, पाणी चढलंय."