पाऊणकीच्या आधीचे पाणी

२४ जून १९८५, सोमवार. भागोजी पिलणकराने रुमालाची गाठ सोडून माझ्या हातावर मुलीच्या कॉलेजच्या फीचे एकशे पंच्याऐंशी रुपये पन्नास पैसे ठेवले आणि म्हणाला, "मोजून घ्या भाऊ. हिशेबनीसाला न मोजता पैसे दिले तर तो आजारी पडतो."

मी रत्नागिरीतल्या एका सहकारी संस्थेत लेखापाल. खाडीपलीकडच्या आमच्या वाडीत त्या वेळी पदवीधर असा मी एकटाच, त्यामुळे दहावी-बारावीनंतर पोराने काय करावे हे विचारायला लोक माझ्याकडे येत. मी सगळ्यांना एकच सांगत असे : बी. कॉम. करा, बँकेची परीक्षा द्या. भागोजीची मुलगी तुळसा बारावी विज्ञान पास झाली, तेव्हा तिलाही तेच सांगितले. तिला गणित घेऊन बी. एस्सी. करायचे होते. भागोजी म्हणाला, "भाऊंच्या शब्दाबाहेर जायचं नाय," आणि विषय मिटला. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. खिडकी बारा वाजता बंद होणार होती. कॉलेजात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, म्हणून मी बरोबर निघालो.

भागोजी तर चालवायचा, म्हणजे माणसांना होडीने खाडीपार न्यायचा. भरतीची वेळ तो पाऊणकीवर सांगे. पाऊणकी म्हणजे पाऊणपटीचा पाढा, जुन्या शाळेत आम्ही सगळ्यांनीच तो घोकला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी षष्ठी होती. सहा पाऊणे साडेचार. दुपारी साडेचारची भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्यावरून त्याने मला आदल्या रात्रीच सांगितले होते, "आठला या. तवर पाणी रग्गड."

मी आठला दोन मिनिटे असताना धक्क्यावर पोचलो. तुळसा आधीच होडीत बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"आबा, मी सातला म्हटलं होतं," ती म्हणाली.

"भाऊंना आठ सांगितले ना? मग आठ."

भागोजीने पाण्याकडे एकदा पाहिले. ते खाली गेलेले त्याला दिसले असणार, कारण एरवी तो डोळ्यांनी पाणी बघूनच होडी सोडतो. पण माणसाला दिलेली वेळ चुकीची होती असे तरवाल्याने कबूल करायचे नसते. त्याने वल्ही मारली. आठ वाजून वीस मिनिटांनी मध्येच होडीचा तळ खरखरला आणि आम्ही वाळूच्या पट्ट्यावर बसलो. खाली उतरून ढकलून पाहिले. होडी हलली नाही.

"आता?" मी विचारले.

"आता बसायचं," भागोजी म्हणाला. "साडेदहाला सुकती पुरी होईल, मग पाणी चढणार. साडेअकराशिवाय होडी उठत नाय."

साडेअकराला होडी उठली तर पलीकडचा धक्का, चढण, एस. टी. हे सगळे धरून बारा कधीच उलटून जाणार होते. मी घड्याळाकडे पाहिले आणि तुळसाकडे पाहायचे टाळले.

"दहा वाजून दहा मिनिटांनी उठेल," ती म्हणाली.

"ऐका! बापाला तर शिकवते. तुझ्या आज्यापासून पाऊणकीवर चाललंय गो."

तिने पिशवीतून एक जाड वही काढून माझ्याकडे दिली. पहिले पान उघडले आणि मी चष्मा नीट केला. दोन वर्षांच्या तारखा, तिथी, भरतीची प्रत्यक्ष वेळ, पाऊणकीची वेळ आणि दोहोंतला फरक. पाच रकाने, आखलेले, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. जिथे ती आजारी होती ते दिवस कोरे सोडले होते, अंदाजाने भरले नव्हते. मला ते फार आवडले.

"पाऊणकी धरते की भरती रोज पंचेचाळीस मिनिटं पुढे जाते," ती म्हणाली. "पण पाणी रोज सारखं सरकत नाही, भाऊकाका. अवसेच्या आसपास पस्तीस-चाळीस मिनिटंच सरकतं, अष्टमीच्या आसपास तासाहून जास्त. महिन्याची बेरीज जवळपास जुळते, म्हणून कोणाला चूक दिसत नाही. षष्ठीला पाणी तासभर तरी आधी येतं."

"आणि हे असं का?"

"तेच तर शिकायचंय."

वारा पडला होता. आभाळ आणि खाडी एकाच राखी रंगाची, मध्ये कांदळांची एक हिरवी रेघ. उघड्या पडलेल्या चिखलात निवटे मासे उड्या मारत होते. पाणी कुठे संपते आणि वाळू कुठे सुरू होते ते कळत नव्हते, आणि आपण होडीत आहोत की जमिनीवर हेही थोड्या वेळाने कळेनासे झाले. अशा जागी माणूस एरवी विचारणार नाही ते विचारतो.

"गणित घेऊन पुढे काय गो? मास्तरीणच ना?"

"झाले तर वाईट काय? पण तेवढंच नाही." ती पाण्याकडे बघत सावकाश बोलत होती, जणू दुसऱ्या कोणाबद्दल. पहिली दोन वर्षे भौतिक बरोबर, तिसरे वर्ष सगळे गणित. मग पुण्याला संख्याशास्त्र. विमा कंपनीत माणसे सरासरी किती जगतील ते काढणारे असतात, ते गणितवालेच. हवामान खात्यात असतात. आता संगणक येत आहेत, तिथे लागतील. हे सगळे तिने गणिताच्या बाईंना विचारून ठेवले होते. "आणि बंदराच्या भरतीचं कोष्टक वर्षभर आधी छापून येतं. कोणीतरी कुठेतरी खोलीत बसून करतंच ना ते? पुढच्या जूनचं पाणी, अजून आलेलंसुद्धा नाही, आणि त्याच्याकडे मिनिटासकट लिहिलेलं."

बत्तीस वर्षे मी झालेल्या व्यवहारांची नोंद करत आलो. न झालेल्याची नोंद करता येते हे मला त्या सकाळपर्यंत सुचले नव्हते. होडी स्थिर होती, तरी मला वाटले आपण कुठेतरी फार लांब चाललो आहोत.

साडेनऊला भागोजी वाकून पाण्याकडे बघू लागला. वाळूवरचा एक शिंपला हळूच भिजला. त्याने विडी विझवली. मग पाणी फळीला लागले, मग दोन बोटे चढले. होडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखी झाली आणि सुटली. मी घड्याळ पाहिले. दहा वाजून सोळा मिनिटे.

"जमलं की गो!" मी म्हणालो.

तुळसाचा चेहरा पडला होता. "सहा मिनिटं चुकली. वारा पडल्यामुळे असेल, की वर पाऊस झालाय?" तिने वहीत सहा लिहिले आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

ताळेबंद जुळला म्हणून खूश होणारे मी पुष्कळ पाहिलेत. जुळूनही उरलेल्या फरकासाठी झुरणारा कारकून मला एवढ्या वर्षांत एकच भेटला होता, आणि तो मी होतो.

"भागोजी," मी म्हणालो, "मी तुला चुकीचं सांगितलं. हिला गणितच घेऊ दे."

भागोजीने चार-पाच वल्ही मारली. "म्हणजे पाऊणकी चुकली ती चुकली, वर भाऊही चुकले?"

"हो."

"मग माझ्याकडे राहिलं काय? घे बाय. पण वाडीत सांगू नको बाप वाळूवर बसला म्हणून."

बी. एस्सी.चा अर्ज तिने आधीच भरून वहीत ठेवला होता. पावणेबाराला आम्ही खिडकीपाशी होतो. माझ्या ओळखीचे गृहस्थ रजेवर होते. त्यांची गरज पडली नाही.

पुढचे सगळे तिने ठरवले तसे झाले नाही. दुसऱ्या वर्षी भौतिकाच्या प्रात्यक्षिकात गुण गेले आणि पहिला वर्ग हुकला. तिसऱ्या वर्षी वर्गात बारा जण, त्यांत मुली दोन. १९८८ साली ती गणितात पहिल्या वर्गात आली आणि संख्याशास्त्रासाठी पुण्याला निघाली. आता, मी हे लिहितो आहे तेव्हा, तिचे शेवटचे वर्ष चालू आहे. भरतीचे कोष्टक करायला मिळेल की विम्याचे, हे अजून ठरायचे आहे. वाडीतल्या आणखी दोन मुलींनी यंदा मला गणिताचे विचारले. मी त्यांना तिचा पत्ता दिला.

पुण्याला जाताना तिला सोडायला मी एस. टी. स्टँडवर गेलो होतो. गाडीला उशीर होता, म्हणून आम्ही चहा घेतला. माझ्याकडे पन्नासाची नोट होती, दुकानदाराकडे सुटे नव्हते, तेव्हा पैसे तिने दिले. माझ्या चहाचे साठ पैसे मी तिला अजून देणे लागतो.