दुसरा रांजण

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. विचारणारे आले नाहीत असं नाही. बीडच्या एका दैनिकाचा वार्ताहर आला होता, विलायतेतल्या साहेबांचे बालमित्र म्हणून मला भेटायला. त्याला चहा पाजला, शाळेतल्या चार गमती सांगितल्या आणि वाटेला लावलं. नंतर कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना दम्याचं कारण सांगितलं. दमा खरा आहे, पण बोलण्याच्या आड तो कधी आला नव्हता. आता पंचाहत्तरी उलटली. ज्याच्याविषयी लिहायचं तो राहिला नाही, आणि मी लिहिल्यानं कुणाचं काही बिघडेल असंही आता उरलेलं नाही. म्हणजे पुन्हा सोय माझीच झाली. हे आधीच सांगून ठेवतो.

तो आणि मी केज तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. त्याचं घर महारवाड्यात. त्या वेळी आम्ही त्या वस्तीला तसंच म्हणत असू. आमचं किराणा दुकान वेशीजवळ. आम्ही लिंगायत वाणी, गळ्यात लिंग बांधणारे. सगळी माणसं सारखी, असं आमचा पंथ सांगतो, आणि दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला जाऊन आम्ही ते ऐकून येत असू. दुकानात मात्र त्याची आई आली की मीठ तिच्या पदरात वरून सोडलं जायचं. मला गावात सगळे आप्पा म्हणायचे. तोही आप्पाच म्हणायचा.

बहात्तरच्या दुष्काळात तो औरंगाबादहून बी.ए. होऊन परत आला. मी मॅट्रिकवर थांबलो होतो. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, चारेकशे माणूस खपत होतं. मला हजेरी लिहिण्याचं काम मिळालं. तो आई-बापाबरोबर मातीच्या पाट्या वाहायचा. बी.ए. झालेला गडी पाटी वाहतो याची बायका थट्टा करायच्या. "साहेब, शाई सांडंल बघा डोक्यावरची," म्हणायच्या. तो हसायचा.

नदीत खोदलेल्या झिऱ्याचं पाणी बैलगाडीवरच्या टिपाडातून कामावर यायचं. लिंबाच्या सावलीत एक रांजण वाळूत रोवलेला होता, ओलं पोतं गुंडाळून. तिथून पन्नास-साठ पावलांवर बोडक्या बाभळीखाली दुसरा. तो त्यांच्या वस्तीचा. गाडी आली की आधी लिंबाखालचा भरायचा, उरलं तर बाभळीखालचा. पुष्कळदा उरायचं नाही. मग वस्तीतल्या बाया लिंबापासून लांब ओंजळ धरून उभ्या राहायच्या, आणि लिंबाखालच्या एखादीच्या मनात आलं तर ती तांब्यानं वरून धार धरायची. आधी कुठला रांजण भरायचा ते गाडीवाल्याला मी सांगत असे.

एका दुपारी त्याची आई अशीच ओंजळ धरून उभी होती. धार धरणाऱ्या बाईला कुणी हाक मारली, ती गेली आणि परत यायची विसरली. ही तशीच उभी राहिली. जरा वेळानं कोसळली.

तिला शुद्धीवर आणून तो माझ्याकडं आला.

"आप्पा, आज कुठला रांजण भरला बे?"

"पाणीच कमी आलं."

"पाणी किती आलं ते मी न्हाई इचारलं."

मी हजेरीचा पुढचा रकाना भरायला घेतला. त्यानं त्याच दिवशी कलेक्टरला अर्ज लिहिला. इंग्रजीत.

आठ-दहा दिवसांनी सोसायटीच्या चेअरमननी मला बोलावून घेतलं. गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार तेच, आणि कामावरचा मुकादम त्यांच्याच भावकीतला. ते ओसरीवर पान लावत बसले होते.

"उद्या अर्जाच्या चौकशीला साहेब येनार. तुला इचारतील."

"मला कावून? मी नुसती हजेरी लिवतो."

"म्हनूनच. तू आमच्यातला न्हाईस, त्यांच्यातला बी न्हाईस. वाण्याचं पोर. तुझं खरं वाटंल."

"मग खरं काय सांगू?"

ते हसले. "लई शाना हायेस. हे बघ, तक्रार लागू झाली की काम बंद. चारशे मानूस उपाशी. त्यात त्याची माय बी आलीच. आता तूच ठरीव." मी उठलो तेव्हा त्यांनी मागून आणखी एक सांगितलं, "सोसायटीला सेक्रेटरी लागनार हाय. तुझं अक्षर चांगलं हाय म्हनतेत."

काम बंद पडेल हे मी खरं मानलं. पुढं कळलं, तसं काही होणार नव्हतं. फार तर मुकादम बदलला असता. पण ते मी त्या वेळी कुणाला विचारलंही नाही, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून आले. बाभळीखालच्या रांजणाशेजारी सकाळीच कुणीतरी दोन बैल आणून बांधले होते. साहेबांनी दोन्ही रांजण पाहिले आणि विचारलं, "हा दुसरा कशाला?"

 तो समोर उभा होता आणि माझ्याकडं पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला आजही आठवतं. मी खरं सांगेन असं तो धरून चालला होता.

मी म्हणालो, "तो जनावरांसाठी आहे, साहेब."

साहेबांबरोबरच्या कारकुनाचं अक्षर वाईट होतं. पंचनामा मलाच लिहायला सांगितला. 'सदर रांजण जनावरांकरिता असून मजुरांस पाणी एकाच रांजणातून दिले जाते. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' खाली पहिली सही माझी. वस्तीतल्या दोघा मजुरांनीही अंगठे दिले. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायचं होतं. त्यांना मी दोष देत नाही.

जीप गेल्यावर तो माझ्याजवळून जाताना थांबला. आवाज चढवला नाही.

"आप्पा, माझी माय जनावर हाय का बे?"

खोटी तक्रार केली म्हणून त्या घराची तिन्ही नावं हजेरीतून गेली. त्यांवर रेघ मीच ओढली. पंधरा दिवसांत ते एका ट्रकमध्ये बसून मुंबईला गेले. त्याची आई पुन्हा गावात आली नाही. पाऊस पडला तसा मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसलो.

दहा-बारा वर्षांनी विलायतेचं पाकीट आलं. मुंबईहून तो सरकारी शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला तिकडं गेला होता आणि तिकडचाच झाला होता. कारखान्यांच्या एका गावात, धोबीखान्याच्या माडीवर, काळ्या आणि आपल्याकडच्या लोकांना फुकट कायदेशीर सल्ला द्यायचं ऑफिस त्यानं काढलं होतं. कुणाला रंगावरून खोली नाकारली, कुणाला बढती. असली कामं. त्यातलं एक प्रकरण त्यानं मला सविस्तर लिहिलं होतं. एका ओतशाळेत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, संडास दोन होते, गोऱ्यांचा वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा. मालकाचं म्हणणं, दुसरा बंद आहे, सामान ठेवायला वापरतो. खटला उभा राहिला, पण कामगारांतून साक्षीला कुणी येईना. शेवटी एक गोरा वेल्डर उभा राहिला आणि म्हणाला, दोन आहेत, मी रोज बघतो. त्याची नोकरी गेली, खटला मात्र जिंकला. त्या खटल्यानं माझ्या मित्राचं नाव झालं.

खाली त्यानं लिहिलं होतं, 'इथं मला आप्पा भेटला. रंगानं गोरा, एवढाच फरक. पण हा बोलला.'

मी उत्तर पाठवलं. त्यात पाऊस, ज्वारी आणि कोण कोण वारलं ते लिहिलं.

पुढं तो नगरपालिकेवर निवडून आला. मग वंशभेदाविरुद्ध सरकारला सल्ला देणाऱ्या समितीवर गेला. पोलीस काळ्या पोरांना रस्त्यात अडवतात म्हणून त्यानं मोठमोठ्या अधिकाऱ्यांना तोंडावर सुनावलं. राणीचं पदक देऊ केलं तेव्हा नको म्हणाला. हे मला वर्तमानपत्रांतून कळायचं. 'बीडचा सुपुत्र' असा मथळा असायचा. गावातून तो कसा गेला, हे त्यात कधी आलं नाही. माहीत असलेला माणूस मी होतो.

एकदा तो आला. माजलगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या सभागृहात त्याचा सत्कार ठेवला होता. परिचय करून द्यायला बालमित्र म्हणून मला उभं केलं. रात्रभर मनाशी ठरवलं होतं की इथंच, सगळ्यांदेखत सांगून टाकायचं. समोर पहिल्या रांगेत संचालक बसलेले, त्यात आमच्या चेअरमनचा मुलगा. मी माइकवर बोललो ते असं, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं एका रांजणाचं पाणी प्यालो."

टाळ्या पडल्या.

शाल-नारळ घेऊन तो माझ्या शेजारी येऊन बसला. केस पांढरे, अंगात काळा कोट. हळूच म्हणाला, "एक कावून म्हनलास, आप्पा? दोन होते."

"तोंडातून गेलं."

"मग दुसरा बी जाऊ दे की तोंडातून. मी काय पळून चाललो न्हाई. जेवायला थांबनार हाय."

जेवताना संचालक मंडळ फोटोसाठी त्याला घेऊन गेलं. मी पानावरून उठलो आणि एसटी धरली.

शेवटचं पत्र आलं तेव्हा तो सत्तरीच्या पुढं होता. तिकडच्या कायद्यात वंश होता, रंग होता. आता जातही घाला, असं तो संसदेच्या एका समितीपुढं सांगून आला होता, आणि सांगताना आईची ओंजळ आणि ते दोन रांजण त्यानं सांगितले होते. त्यावर जे उठले ते गोरे नव्हते. चाळीस वर्षं मोर्च्यांत त्याच्या खांद्याला खांदा लावून चाललेले आपल्याकडचेच लोक होते. आपल्या माणसांची बदनामी करतो, म्हणाले. कुणीतरी तहसिलातून त्या पंचनाम्याची नक्कल मिळवून तिकडं पोचवली, आणि तिचं भाषांतर वाटलं गेलं. खोटा माणूस, खोटी गोष्ट, सरकारी कागदच सांगतो. त्यानंच उभ्या केलेल्या संस्थेत त्याच्यावर राजीनाम्यासाठी दबाव आला. त्याचा निकाल लावणाऱ्या बैठकीला महिना होता.

'मला तुझं प्रतिज्ञापत्र पाहिजे,' त्यानं लिहिलं होतं. 'एक ओळ. तू काय पाहिलंस. माझ्याबद्दल चांगलं काही लिहू नकोस.'

मी केजला गेलो. कोर्टासमोरच्या टायपिस्टनं कागद चढवला आणि म्हणाला, "सांगा, काका." मी नाव, वय, गाव सांगितलं. मग म्हणालो, उद्या येतो. त्या वर्षीही पाऊस नव्हता, गावात टँकर चालू होता, आणि माझा मुलगा सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. चेअरमनच्या घराण्याच्या पॅनेलमधून. घरी मी त्याला पत्र दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"खरं हाय का हे, आप्पा?"

"खरं हाय."

"मग लिवा. मी आडवत न्हाई." पत्राची घडी घालत म्हणाला, "फकस्त मतदान होऊ द्या. तीन हप्ते. एवढी वरीस थांबलं, तीन हप्ते थांबत न्हाई का?"

मी पुन्हा एकदा केजपर्यंत जाऊन आलो. कोर्टाच्या फाटकातून परतलो. मुलगा निवडून आला, गुलाल उधळला गेला. चौथ्या दिवशी विलायतेहून बातमी आली की माझ्या मित्रानं संस्थेचा राजीनामा दिला. बैठकीत त्याला विचारलं होतं म्हणे, दोन रांजण पाहिलेला एक तरी माणूस आहे का. त्यानं सांगितलं, एक आहे, पत्राची वाट बघतोय.

त्यानंतर तो अंथरुणाला खिळला. एका संध्याकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा बोलणार आहेत. फार वेळ नाही बोलू शकत." मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक.

"आप्पा, पाऊस हाय का?"

"न्हाई अजून."

"धरनात?"

"माजलगावचं धरन कोरडं पडलंय."

"आनि काय?"

"बाकी सगळं ठीक."

 त्यानं फोन ठेवला नाही. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो थांबला होता, जसा त्या दिवशी साहेबांसमोर थांबला होता. जीभ टाळूला चिकटली, असं म्हणतात. माझी चिकटली नव्हती. दमही लागला नव्हता. मी विचारलं, "जेवन जातंय का?" तो म्हणाला, "बरं, आप्पा." मुलीनं फोन काढून घेतला. पुढच्या आठवड्यात तो गेला.

त्या श्वासाच्या वेळात जे बोलायचं होतं ते फार नव्हतं. दोन रांजण होते. दुसरा जनावरांचा नव्हता, तुमचा होता. तुझी आई ओंजळ धरून उभी होती ते मी लिंबाखालून बघत होतो, आणि तांब्या माझ्या हाताशी होता. मला माफ कर, गड्या.