रुळाकडेची अर्धी झाडं

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, विलेपार्ल्यातल्या एका हॉलमध्ये, भरल्या गर्दीसमोर. मला पत्रकं लिहायची सवय आहे, त्यामुळे आधी हे सांगून टाकते. बाकीचं नंतर.

आई छोट्या रेल्वेच्या मंडळात आहे. पठ्ठे बोटभर डबे रुळांवर पळवतात, स्टेशनं बांधतात, सिग्नल लावतात. बहुतेक निवृत्त इंजिनिअर आणि बँकवाले काका. बाई एकटी आईच. ती अंधेरीला विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी घाटकोपरच्या आमच्या घरात झाडं करते. मंडळाच्या टेबलावरचं एकूण एक झाड तिचं.

बाजारात मिळणारी तयार झाडं महाग, आणि आईच्या मते मठ्ठ. तिची झाडं जवळपास फुकटात होतात. बांधकामाची उरलेली बारीक तार घ्यायची, जुडी करून पिळायची, वरची टोकं उकलून फांद्या काढायच्या. गोंदात लाकडाचा भुसा कालवून खोडाला फासायचा, की साल झाली. पानांसाठी साकीनाक्याच्या एका गाळ्यातून गाद्यांच्या फोमचे तुकडे आणायचे. तिथे सीट कापतात, तुकडे फेकूनच देतात. ते मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवायचे आणि हिरव्या रंगात बुचकळायचे. बाबा म्हणायचे, आपल्याकडे डब्यातली चटणी आधी हुंगायची आणि मग पोळीला लावायची. गॅलरीतल्या दोरीवर माझ्या कुर्त्यांशेजारी झाडं चिमट्यांना उलटी टांगून वाळत असायची. खालून लोक बघायचे. बघू देत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आई झाडं अर्धी करते.

ती मला एकदा रेल्वेच्या पादचारी पुलावर घेऊन गेली होती आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. म्हणाली, बघ, रुळाकडेचं एक तरी झाड गोल आहे का? नव्हतं. गाडीच्या विजेच्या वायरच्या बाजूच्या फांद्या छाटलेल्या, त्या अंगाने नुसते खुंट, आणि सगळा पसारा पलीकडच्या चाळींवर कललेला. मी इतकी वर्षं झाडतोडीविरुद्ध घोषणा देतेय, भिंतीभिंतीवर पत्रकं चिकटवतेय, आणि हे मी कधी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून तिचं रुळाकडेचं प्रत्येक झाड एका अंगाने बोडकं. ते पहिल्यांदा टेबलावर उभं राहिलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या इथलंच. त्याला पत्ता विचारायची गरज नाही.

त्या रविवारी हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी तिने स्वतः झाडं लावली. रुळांच्या मागे रांगेत, बोडकी बाजू रुळांकडे, म्हणजे बघणाऱ्यांकडेही. सकाळी आम्ही चहाला गेलो तेव्हा मंडळाच्या अध्यक्षकाकांना ती बाजू खटकली. त्यांनी एकेक झाड फिरवून भरलेली बाजू पुढे केली. आम्ही परत आलो तेव्हा काकांच्या हातात माईक होता. स्टेशन कोणी बांधलं, वायरिंग कोणी केलं, सगळ्यांची नावं घेतली. मग म्हणाले, "आणि झाडं थेट जर्मनीहून मागवलेली आहेत."

आई टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होती. नखांत हिरवा रंग. तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढे निघाले, तर तिने माझा दंड धरला. "थांब गं. माझं आहे हे."

काकांनी बटण दाबलं. गाडी निघाली, वळणावर आली आणि दुसऱ्याच डब्याला फांदी अडली. डबा आडवा, मागचे त्याच्या अंगावर. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "रविवार आहे ना, मेगाब्लॉक. गाड्या बंद." हॉलभर हशा.

आईने पदर खोचला आणि झाडं फिरवायला घेतली. काका खालच्या आवाजात म्हणाले, अहो, टकली बाजू दिसतेय. आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दिसू दे. वायरकडची बाजू अशीच असते. फांदी रुळावर आली तर गाडी कशी जाणार?" मग तिने डबे उचलून रुळांवर ठेवले आणि बटण स्वतः दाबलं. गाडी सगळ्या झाडांपुढून सरळ निघून गेली. पुढे उभ्या असलेल्या एका आजींनी विचारलं, ही झाडं तुम्हाला कशी ठाऊक हो एवढी? आई म्हणाली, मीच केलीत.

काका नंतर चहाच्या टेबलापाशी तिच्या जवळ आले. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. बाहेरचं म्हटलं की जरा वजन पडतं."

"माझं वजन पडत नाही का?"

"तसं नाही हो. सॉरी म्हणतोय ना."

"मघाशी माईकवर होतात. आता कानात कशाला सांगता?"

मला त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काका गेले, माईक घेतला, घसा साफ केला. म्हणाले, एक दुरुस्ती आहे, झाडांसाठी आमच्या वहिनींनी मदत केली आहे. आई हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथूनच म्हणाली, "मदत नाही. केली आहेत."

काकांनी खाली बघितलं, मग वर. आणि आईचं नाव घेतलं, आडनावासकट. म्हणाले, इथलं प्रत्येक झाड ह्यांनी केलं आहे. त्यानंतर दुपारभर आईभोवती गर्दी. कोणी तार कुठली विचारतंय, कोणी फोम. आई पेपर नॅपकिनवर फांद्या कशा उकलायच्या ते काढून दाखवतेय. मी बाजूला उभी, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत होते की ही माझी आई.

आता तुमच्याशी बोलते. तुमच्या घरात, मंडळात, ऑफिसात कोणाचं तरी अख्खं काम तुम्ही ‘मदत’ म्हणून खपवताय. कोणाचं, ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्या माणसाचं नाव घ्या. चार लोकांत घ्या, मोठ्याने घ्या, आणि आजच घ्या.