पुढच्या समेवर

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. संध्याकाळी पाचला तिचा कथकचा वर्ग होता. मुली आल्या, मी सांगितलं, त्या घरी गेल्या.

पौडमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आठ मुली आणि जवळच्या माले गावाहून स्कूटरवर येणाऱ्या एक बाई शिकत. बाईंचं वय चव्वेचाळीस. आधी त्या आपल्या मुलीला सोडायला येत आणि दाराशी बसून भाजी निवडत. वर्षभरात मुलीनं नाच सोडला. बाई राहिल्या.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या पिशवीत घुंगरू घेऊन दारात उभ्या होत्या.

"दाजी, परीक्षा दीड महिन्यावर हाय. बोल कोन म्हननार?"

माझी पत्नी त्यांची ताई, म्हणून मी न विचारता दाजी झालो होतो. परीक्षेला बसणार हे त्यांनी सगळ्या भावकीत सांगून टाकलं होतं. पास झाल्यावर नोकरी लागते का, असं जावेनं विचारून घेतलं होतं. आता माघार घेतली तर तेवढ्यावर जावेचं वर्ष मजेत गेलं असतं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. लोकांना गप्प करणं हे माझं काम होतं. मला ताल कळत नाही, आवाज नाही, मन लागत नाही, असं मी त्यांना सावकाश समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि घुंगरू बांधायला बसल्या.

मी पत्नीची वही काढली. नाचणारीसाठी कुणीतरी हातानं ताल धरून बोल म्हणायचे असतात. मी ते म्हणू लागलो. थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, की दाजी बोल म्हणतायत, का कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटतायत. मी हळू म्हटलं की त्यांचा पायही हळू पडत होता.

म्हणून मी सकाळी एकट्यानं, मोठ्या आवाजात सराव सुरू केला. चौथ्या दिवशी शेजारी उपमा घेऊन आले. झोप लागते का, विचारलं. मग इकडचं तिकडचं बोलून बावधनमधल्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला.

माझी खरी अडचण निराळी होती. चुकलो की मी माफी मागायचो आणि पहिल्यापासून सुरुवात करायचो. तीन आठवड्यांत एकही तुकडा, म्हणजे बोलांची एक छोटी रचना, शेवटाला गेला नाही.

एकदा पान उलटलं तर समासात तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घाई नको.' पुढचे बोल मला दिसेनात. तेराव्याला आलेल्या लोकांपुढे मी रडलो नव्हतो. आता वही तोंडापुढे धरून रडलो. आज राहू दे, म्हणालो.

बाईंचे पाय थांबले नाहीत. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "थांबायचं न्हाई. ताई कधी थांबू द्यायच्या न्हाईत. हात चालू ठेवा. पुढच्या समेवर या."

सोळा मात्रा संपल्या की पहिली मात्रा पुन्हा येते, ती सम. मी हात चालू ठेवला. दोन समा हुकल्या. तिसरीला मी आत शिरलो आणि तुकडा शेवटापर्यंत म्हटला. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

परीक्षा पुण्यात होती. तिथं बोलही बाईंनी स्वतःच म्हणून दाखवायचे होते, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत घुंगरू एकदा अडखळले, पण वाजत राहिले. बाई घाम पुसत बाहेर आल्या.

"एकदा चुकले, दाजी. पर थांबले न्हाई." मग घुंगरू सोडता सोडता म्हणाल्या, "परीक्षा घेनाऱ्या बाईंनी इचारलं, बोल म्हनायची ही ढब कुठल्या घराण्याची? मी म्हनलं, पौडची."

त्या द्वितीय श्रेणीत पास झाल्या. तीन आयांनी आपल्या मुलींना दुसऱ्या वर्गात घातलं. आता मंगळवारी आणि गुरुवारी बाई धरून सहा जणी येतात. पाय बाई दाखवतात, बोल मी म्हणतो.