कुरुंद्याच्या गोदामात न मावलेली हळद

आता मला सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? माझा मुलगा रांगत होता तेव्हापासून गोदामाची किल्ली कमरेला बाळगणाऱ्या माणसावर, की कालपरवा मोबाइलमध्ये येऊन बसलेल्या पाहुण्यावर? उत्तराची घाई करू नका, आधी चहा घ्या. मीही घाई केली नसती, तर चारचौघांत माझी अशी शोभा झाली नसती.

माझं हळदीचं दुकान वसमतला, गोदाम कुरुंद्याला. गोदाम भीमराव सांभाळतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिकवायचं काम बाजारानं अंगावर घेतलं आणि त्याची फी तो अजून वसूल करतो आहे.

सूनबाई पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. सुट्टीत आली तेव्हा तिनं आमच्या मालाचे सगळे आकडे एका डेटाबेसमध्ये भरले. मला समजावं म्हणून म्हणाली, "बाबा, पुष्कळ खाने असलेलं कपाट समजा. एकीकडून साल, दुसरीकडून गोदाम, तिसरीकडून मालाचा प्रकार. तिन्ही सांगितलं की नेमका एक खाना उघडतो आणि त्यात एकच आकडा असतो. तुम्ही फक्त बोलायचं. हा एआय एजंट तो आकडा काढून देईल."

"दलाली किती घेतो?"

"काहीच नाही."

दलाली न घेणारा एजंट! खरं म्हणजे मला तिथंच संशय यायला हवा होता.

पण आमची बोलायची रीत तुम्हाला माहीत आहे. माझे वडील बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करायचे. एक बोट दाबलं की ते शंभर की हजार, हे समोरच्याला बैल बघून कळायचं. पुरं बोलतो तो नवखा, असं आमच्या घरात समजत. मीही त्याच वळणावर गेलो. एका सकाळी मोबाइल तोंडाशी धरला आणि विचारलं, "कुरुंद्यात किती पोती?"

उत्तर आलं, दोन हजार चारशे. खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं. पण आकडा मोठा दिसला की व्यापारी खालचं वाचतो का हो?

लगेच भीमरावांना फोन लावला. "किती पोती आहेत?"

"असतील चारशेक."

"नीट मोजा."

"काहून, शेठ?"

काहून ते सांगितलं नाही. अर्धंच बोलायची सवय ना! गाडी काढली. वसमत ते कुरुंदा रस्ताभर माझ्या डोक्यात दोन हजार पोती एकेक करून ट्रकमध्ये चढत होती, आणि प्रत्येक ट्रकच्या पुढच्या सीटवर भीमराव बसलेले.

गोदामात बाया हळद निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी तोंड सोडलं. "भीमराव, बाकीची दोन हजार कुठं गेली?"

भीमरावांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग वर पत्र्याकडं. "शेठ, या गोदामात दोन हजार पोती मावतात व्हय? तुमीच बांधलं हे."

माणसानं इथं तरी थांबावं. मी म्हणालो, "मावत नाहीत, म्हणूनच तर बाहेर गेली!"

कोणी हसलं नाही. भीमरावांनी कमरेची किल्ली सोडली आणि काट्यावर ठेवली. "घ्या. तोलून घ्या, कमी भरली तर सांगा." आणि चपला घालू लागले.

ते निघाले म्हणजे माझं अर्धं दुकान निघालं, हे मला तेव्हा कळलं. तरी खरं कोण ते दाखवावं म्हणून सूनबाईला फोन लावला. स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. ही हुशारी माझीच.

"बाबा, साल कोणतं सांगितलंत?"

"साल कशाला सांगायचं? आज विचारलं म्हणजे यंदाचंच!"

"त्याला ते कसं कळणार? आपण साल नाही सांगितलं, तर तो सगळी सालं धरतो. सहा सालांच्या शिलकेची बेरीज केली त्यानं. खाली लिहून दिलं असेल बघा."

लिहून दिलं होतं.

निवडणाऱ्या बायांतल्या सखूबाईनं सुपातली हळद खाली ठेवली. "म्हंजे शेठ, लोकाइनं खाऊन टाकलेली हळद बी मोजली व्हय त्यानं? माझ्या पोरीच्या लग्नात लावलेली बी?"

आता मात्र सगळ्या हसल्या. भीमराव एकटे हसले नाहीत. त्यांचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर.

"चुकलं," मी म्हणालो.

"असं न्हाई, शेठ. अर्धं बोलता म्हणून तर ही तकलीफ झाली. कोणाचं चुकलं, कुठं चुकलं, कोणासमोर चुकलं, सगळं बराबर सांगा. आन् सालबी सांगा. न्हाईतर मी बी सगळी सालं धरीन, मंग लई लांबंल."

मग मी सगळ्या बायांसमोर उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा, पुरं वाक्य बोललो: "यंदाच्या साली, कुरुंद्याच्या गोदामात, तुम्हा सगळ्यांसमोर, मी भीमरावांवर खोटा आळ घेतला, चूक माझी."

भीमरावांनी दुसरी चप्पल घातली. तसेच काट्यापाशी आले, किल्ली उचलली आणि कमरेला लावली. "चहा सांगा," म्हणाले. "किती कप, ते बी सांगा."

तेव्हा आता एक विनंती. हा किस्सा तुम्ही पुढं सांगणारच. खुशाल सांगा. पण सांगताना 'व्यापारी सगळे असलेच' अशी बेरीज करू नका. यंदाचं साल, कुरुंद्याचं गोदाम आणि मी एकटा, या एकाच खान्यात मांडा. हिशेब प्रामाणिक ठेवा. मागच्या सालांचे आकडे भीमरावांकडं आहेत. ते तेवढे त्यांना विचारू नका.